फोन ठेवल्यानंतर: आघाताच्या ताणावरच्या आठ आठवड्यांच्या ऑनलाइन गटाबद्दल

मी आपत्कालीन नियंत्रण कक्षात फोन घेते. चौदा वर्षं झाली. पलीकडचा माणूस रडत, ओरडत, कधी कधी तर अंगावर काटा येईल इतक्या शांतपणे सांगतो की घराला आग लागली आहे, नवरा श्वास घेत नाहीये, गाडी पुलावरून खाली गेली आहे. मी ठिकाण विचारून घेते, मदत रवाना करते आणि ती पोचेपर्यंत त्या माणसाला बोलण्यात धरून ठेवते. मदत पोचली की फोन ठेवायचा, पुढचा घ्यायचा. या चौदा वर्षांत मी काहीही पाहिलेलं नाही, सगळं ऐकलेलं आहे. हे आधीच सांगितलं, कारण या गटाबद्दलचं माझं बरंचसं मत त्यातूनच आलेलं आहे.

गेल्या वर्षी एका मुलीचा फोन आला. आवाजावरून बारा-तेरा वर्षांची असावी. वडील कोसळले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं. छाती कशी दाबायची ते तिला सांगितलं आणि मग मी मोजत राहिले, ती दाबत राहिली. मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं असतं. तो वेग आमच्या तोंडात बसलेला असतो. अकरा मिनिटं मी मोजलं. मग मागे दार उघडल्याचा आवाज आला, कुणीतरी तिच्या हातून फोन घेतला आणि लाइन बंद झाली. पुढे काय झालं ते आम्हाला कुणी सांगत नाही.

त्यानंतर कुणी काहीही मोजलं की माझे हात गार पडायचे. लिफ्टमधला मजले सांगणारा आवाज, व्यायाम शिकवणाऱ्या बाईचा व्हिडिओ, शेजारच्या पोराचे पाढे. झोप दोन तासांवर आली. कक्षातल्या एकीने या गटाची लिंक पाठवली आणि मी नाव घातलं. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रारी आहेत, आणि अशा प्रकारचे गट चालवणारे आता बरेच आहेत. त्यामुळे ओळखण्यापेक्षा निवडताना काय पाहायचं, एवढं कळलं तरी पुरे.

रचना अशी: आठ आठवडे, आठवड्यातून एकदा दीड तास, बारा माणसं, दोन चालक. एक मानसशास्त्रज्ञ, दुसरी समाजकार्यकर्ती. कॅमेरा लावायची सक्ती नाही, रेकॉर्डिंग अजिबात नाही. या दोन्ही गोष्टींना पूर्ण गुण. गटात निरनिराळी माणसं होती: परिचारिका, माजी सैनिक, पुरात घर गेलेले दोघं, देश सोडावा लागलेलं एक कुटुंब. त्यांच्या हकिकती इथे येणार नाहीत. तिथलं तिथेच ठेवायचं हे पहिल्या दिवशी ठरलं होतं. सांगेन ते माझंच.

पहिल्या आठवड्यात प्रश्नावली भरून घेतली. वीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८०. बेरीज ३१ ते ३३ च्या पुढे गेली की नीट तपासणी करून घ्यावी असं मानतात. माझी ३८ आली. मानसशास्त्रज्ञांनी दुसऱ्या दिवशी वेगळा फोन करून सांगितलं की हे निदान नव्हे, हा गट म्हणजे उपचार नव्हे, आणि तुम्ही याच्या जोडीने डॉक्टरांना दाखवा. मी दाखवलं. गटात येणाऱ्या माणसाला बाहेर पाठवायची तयारी असणं हे मला त्या संस्थेचं सगळ्यात प्रामाणिक लक्षण वाटलं.

पण त्या प्रश्नावलीच्या डोक्यावरच्या ओळीपाशी मी अडले होते. तुमच्या आयुष्यातला सर्वांत भयानक अनुभव मनात धरून उत्तरं द्या, असं लिहिलं होतं. माझा कुठला? तो तर त्या मुलीचा. मी खुर्चीत बसले होते, कानाला हेडफोन होता. मी हे विचारलं तेव्हा जे उत्तर मिळालं त्यासाठी तरी हा गट केल्याचं सार्थक झालं. १९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पीटीएसडी (आघातोत्तर ताणविकार) हे नाव पहिल्यांदा आलं, ते मुख्यतः व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांमुळे. तेव्हाच्या व्याख्येत घटना ‘माणसाच्या नेहमीच्या अनुभवाबाहेरची’ असावी असं होतं. पुढे वेगवेगळ्या देशांत पाहण्या झाल्या तेव्हा लक्षात आलं की ती तेवढी अनुभवाबाहेरची नाहीच. २४ देशांच्या पाहणीत जवळपास ७० टक्के लोकांनी आयुष्यात निदान एक तरी अशी घटना सोसलेली निघाली. व्याख्या बदलत गेली. २०१३ च्या आवृत्तीत तर स्पष्टच लिहिलं आहे की कामाचा भाग म्हणून ज्यांना अशा घटनांचे तपशील पुन्हा पुन्हा किंवा अतिशय तीव्र स्वरूपात झेलावे लागतात, त्यांचाही यात समावेश होतो. घरी टीव्हीवर पाहिलेलं धरत नाहीत, कामावर ऐकलेलं धरतात. एखाद्या पुस्तिकेतलं कलम ऐकून मला आजवर कधी रडू आलं नव्हतं.

याच सत्रात एक चूकही झाली. चालकांनी सांगितलं की एवढ्या लोकांवर आघात होऊनही आयुष्यात कधीतरी पीटीएसडी होणारे शंभरात चारच्या आसपास असतात. आणि पुढच्या पानावर गेल्या. पडद्यावरच्या बारा चौकटी गप्प झाल्या. प्रत्येकाने मनात एकच हिशोब केला असणार: म्हणजे बाकीचे सावरले आणि आपणच कच्चे निघालो. आघात कोणता यावर फार अवलंबून असतं, लैंगिक अत्याचारानंतर हा धोका वाहन अपघातानंतरच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि घटनेनंतर भोवतालच्या माणसांनी साथ दिली की पाठ फिरवली याचा वाटा खूप मोठा असतो, हे सगळं तिसऱ्या आठवड्यात आलं. पंधरा दिवस तो आकडा घेऊन माणसं बसली होती. हे दोन्ही एका दमात सांगायला हवं होतं.

दुसरा आठवडा श्वासाचा. चार मोजत श्वास आत, चार मोजत रोखा, चार मोजत बाहेर. ‘चला, सगळे मिळून, एक, दोन…’ मी लॅपटॉप बंद केला.

पाच मिनिटांनी समाजकार्यकर्तीचा संदेश आला, ‘तुम्ही ठीक आहात ना? परत यायलाच हवं असं नाही.’ मी कारण कळवलं. पुढच्या वेळी तिने न मोजता करायचे दोन प्रकार आणले: पाय जमिनीवर घट्ट रोवून टाचांवर वजन टाकायचं, आणि श्वास सोडताना बारीक आवाजात गुणगुणत तो लांबवायचा. गटातल्या आणखी एकाला डोळे मिटायला सांगितलेलं चालत नव्हतं, दुसऱ्या कुणाला पूर्ण शांतता सोसत नव्हती. ज्या त्या व्यायामाच्या वर ‘हे कुणाला त्रासाचं होऊ शकतं’ अशी एक ओळ छापायला काय हरकत होती? पुस्तिका रंगीत आहे, जाड आहे, पानं बक्कळ मोकळी आहेत. तरी ती ओळ नाही.

आता मोठी तक्रार. तिसऱ्या आठवड्यात मूळ चालकांपैकी एकजण रजेवर होत्या आणि बदली आलेल्या गृहस्थांनी आम्हाला तिघा-तिघांच्या खोल्यांत पाठवलं. प्रत्येकाने आपली घटना सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आवाज, वास, रंग यांसकट सांगायची. वीस मिनिटं. ‘बाहेर काढा, मोकळं वाटेल.’ मी सांगायला नकार दिला. माझ्या खोलीतल्या एकाने सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात तो आला नाही. त्याच्याबद्दल एवढंच.

‘बाहेर काढा’ हा सल्ला आम्हालाही कामावर मिळतो. एखादी मोठी घटना झाली की दुसऱ्या दिवशी सगळ्यांना गोलात बसवून बोलतं करायचं. याला डीब्रीफिंग म्हणतात. मी नंतर वाचलं आणि मग रागच आला. अशा एका बैठकीच्या, सरसकट सगळ्यांना करायला लावलेल्या डीब्रीफिंगचे प्रयोग तपासून कॉक्रन या संस्थेने २००२ सालीच लिहिलं आहे की त्याने पीटीएसडी टळत नाही आणि सक्तीने ते करायला लावणं बंद करावं. रस्ता अपघातातल्या जखमींवरच्या एका अभ्यासात सुरुवातीला ज्यांना जास्त त्रास होत होता, त्यांच्यापैकी डीब्रीफिंग मिळालेले तीन वर्षांनंतरही तसेच होते, न मिळालेले सावरले होते. आठवण पुन्हा पुन्हा सांगण्यावर आधारलेले खरे उपचार आहेत आणि ते लागूही पडतात. पण ते प्रशिक्षित माणसाबरोबर, बेताबेताने, कित्येक बैठकांत होतात. अनोळखी तिघांत वीस मिनिटांत नाही. मी हे सगळं लिहून कळवलं. चौथ्या आठवड्यात मूळ चालकांनी गटासमोर माफी मागितली आणि तो प्रकार अभ्यासक्रमातून काढल्याचं सांगितलं. माफी सरळ होती, ‘कुणाला वाईट वाटलं असल्यास’ छापाची नव्हती. म्हणून मी पुढे राहिले.

आणि राहिले ते बरं झालं, कारण चौथं आणि पाचवं सत्र हा या सगळ्याचा गाभा होता. विषय होता, आघात एका माणसाला होतो तसा अख्ख्या वस्तीला होतो का? पाहुणे म्हणून विस्थापितांबरोबर काम केलेल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी बफेलो क्रीकपासून सुरुवात केली. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात २६ फेब्रुवारी १९७२ ला कोळशाच्या खाणीतला गाळ अडवणारा बांध फुटला. १२५ माणसं गेली, चार हजारांहून जास्त बेघर झाली. सरकारने तात्पुरती घरं तत्परतेने दिली, पण रिकामी होतील तशी वाटली. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली माणसं छावण्यांत विखुरली, भिंतीपलीकडे कोण आहे ते कुणाला माहीत नाही. काई एरिक्सन या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या लोकांशी बोलून मांडलं की इथे जखमा दोन आहेत. एक पाण्याने केलेली, ज्याची त्याची. दुसरी सगळ्यांची मिळून, एकमेकांना धरून ठेवणारं जाळं तुटल्याची. आणि ही दुसरी माणसाला लगेच कळतही नाही. फक्त आपण कुणाचेच नाही असं हळूहळू वाटायला लागतं.

मला छावणी माहीत नाही. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या कक्षात नवी पाळीपद्धत आली, संगणक ठरवेल ती. आधी आम्ही सहाजणी वर्षानुवर्षं एकत्र रात्रपाळी करायचो. एखादा फोन वाईट गेला तर शेजारची मान न वळवता हात पुढे करून माझ्या टेबलावर पाण्याचा पेला सरकवायची. आता शेजारी रोज वेगळं कुणीतरी असतं. वेळापत्रक जास्त न्याय्य आहे, हे मीच बैठकीत म्हटलं होतं. त्या सत्रात बसून पहिल्यांदा जाणवलं की मुलीचा फोन ही एक गोष्ट आणि त्यानंतर पेला न सरकणं ही दुसरी.

बाईंनी दुसरं उदाहरण दिलं कॅनडातलं. ब्रिटिश कोलंबियातल्या जवळपास दोनशे आदिवासी समूहांतल्या तरुणांच्या आत्महत्यांचा चँडलर आणि लालोंद यांनी अभ्यास केला, तो १९९८ मध्ये छापून आला. आदिवासी तरुणांत आत्महत्या फार, असं सगळे सरसकट म्हणायचे. समूहवार पाहिलं तर काहींत प्रमाण भयंकर होतं आणि निम्म्याहून जास्त समूहांत त्या पाच वर्षांत एकही नव्हती. फरक कशाने? त्यांनी सहा गोष्टी पाहिल्या: जमिनीच्या हक्कासाठी चाललेला लढा, स्वशासन, शाळा, आरोग्यसेवा, पोलीस आणि अग्निशमन, आणि संस्कृतीसाठी बांधलेली स्वतःची वास्तू. यांपैकी जितक्या गोष्टी समूहाच्या स्वतःच्या हातात, तितकं प्रमाण कमी. सहाही असतील तिथे शून्य. वसाहतवाद्यांनी सगळ्यांचीच जमीन, भाषा, मुलं हिरावली होती. आघाताचा इतिहास सारखाच असूनही परिणाम सारखा नव्हता. ही मांडणी ऐकताना गटातल्या माजी सैनिकाने वही काढली. त्याने वही काढली हे इथे सांगितल्याने ‘गटातलं बाहेर नाही’ हा नियम मोडत नसावा असं धरून चालते.

जपानमधल्या कोबेचा भूकंपही आला, १७ जानेवारी १९९५ चा. मानो नावाच्या वस्तीत लोक आधीपासून प्रदूषणाविरुद्ध, बागेसाठी, म्हाताऱ्यांसाठी एकत्र येत होते. भूकंपानंतर आग लागली तेव्हा त्यांनी रांगा करून बादल्यांनी ती रोखली. जवळच्याच मिकुरा वस्तीत माणसं घरं जळताना बघत उभी राहिली. ती काही कमी शूर नव्हती. पण कुणी कुणाच्या हातात बादली द्यायची हे आधी कधी घडलंच नव्हतं.

सहाव्या आठवड्याबद्दल थोडक्यात. विषय भाषेचा. झिम्बाब्वेतल्या शोना भाषेत अशा अवस्थेला कुफुंगिसिसा म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये हरारेत १४ आज्यांना प्रशिक्षण देऊन दवाखान्याच्या आवारातल्या बाकांवर बसवलं, आणि त्यांनी हाच शब्द वापरून लोकांशी बोलायला सुरुवात केली. २०१६ मध्ये छापलेल्या चाचणीत त्याचा उपयोग नीट दिसला. तो मुख्यतः उदासीनता आणि चिंतेसाठी होता, पीटीएसडीसाठी नव्हे, हेही चालकांनी सांगितलं. मग आम्हाला आपापला शब्द विचारला. आमच्या कक्षात ‘कॉल चिकटला’ म्हणतात. डॉक्टरांना मी महिनाभर ‘झोप येत नाही’ एवढंच सांगत होते. त्यानंतरच्या भेटीत सांगितलं, ‘एक कॉल चिकटलाय.’ त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, कुठला?

आघात सोसून उभं राहण्याला आमच्या पुस्तिकेत मात्र जागोजागी ‘लवचिकता’ म्हटलंय. हा शब्द मला शेवटपर्यंत पचला नाही. लवचिक म्हणजे वाकवला तसा वाकणारा, आणि सोडला की होता तसा होणारा. चौदा वर्षांनी कुणी होती तशी होत नाही. तग धरणं म्हणा, चिवटपणा म्हणा, उभारी म्हणा.

आणि याच लवचिकतेचं एक ॲप. सातवा आठवडा त्याच्यात वाया गेला. रोज सकाळी दहा प्रश्न, मग तुमचा ‘लवचिकता गुणांक’, सलग सात दिवस भरलंत तर सोनेरी पान. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला सकाळी आठला ‘आज तुम्ही किती कणखर आहात?’ असं विचारणारं यंत्र ज्याने बनवलं, त्याने रात्रपाळी केलेली नसावी. माझा गुणांक ४१ वरून ३६ वर आला तेव्हा पडद्यावर उदास चेहरा आला. मी ॲप काढून टाकलं. बोनानो या संशोधकाने २००४ पासून दाखवलं आहे की आघातानंतर सर्वांत जास्त आढळणारी वाट ही बऱ्यापैकी स्थिर राहण्याची असते. मग जी गोष्ट बहुतेकांना जमते, तिचं पदक का? आणि जी जमत नाही, ती बऱ्याचदा भोवती काय आहे यामुळे जमत नाही. परिचारिकेने त्या सत्रात विचारलेला प्रश्न मी गुपित मानत नाही, कारण तो माझाही होता: ‘माझा गुणांक वाढला तर माझ्या वॉर्डात काम करणाऱ्या माणसांची संख्या वाढेल का?’ चालक हसल्या. उत्तर दिलं नाही.

कुणी घ्यावा हा गट? घटना ताजी असेल, महिनाही झाला नसेल, तर मी थांबायला सांगेन. तेव्हा सुरक्षित जागा, झोप, जवळची माणसं आणि रोजच्या अडचणींत मदत यांची गरज जास्त असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही पाहा, ऐका, जोडून द्या एवढंच आहे. खोदून विचारा असं कुठे नाही. त्रास महिन्याहून जास्त टिकला असेल तर आधी तज्ज्ञ, मग गट. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर गटाच्या तारखेची वाट पाहूच नका. आणि ज्यांच्यावरचा आघात अजून चालूच आहे, म्हणजे घरातली मारहाण, युद्ध, त्यांना ‘आघातोत्तर’ या शब्दातला ‘उत्तर’ लागूच होत नाही. त्यांच्यासाठी या पुस्तिकेत अर्धं पान आहे, तेही शेवटी.

शेवटचं सत्र कृतीचं. प्रत्येकाने भोवतालची एकच गोष्ट बदलायचा बेत करायचा. स्वतःतली नव्हे, भोवतालची, असं मानसशास्त्रज्ञांनी दोनदा म्हटलं. मी दोन लिहिल्या. पहिली, पाळीत निदान दोन माणसं कायम तीच ठेवावीत. ती नाकारली गेली, संगणकात बसत नाही म्हणून. दुसरी, ज्याला हवं असेल त्याला त्याच्या फोनचं पुढे काय झालं ते कळवावं. नाव नको, ठिकाण नको, फक्त काय झालं ते. तिला तीन महिने लागले. आता शुक्रवारी एक बंद पाकीट ठेवतात, उघडायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं.

जुन्या फोनचंही विचारता येतं. मी त्या मुलीच्या फोनचा क्रमांक लिहून दिला. पाकीट आलं आहे, दोन शुक्रवार झाले. खणात आहे. पूर्वी शेजारी बसायची तिला सांगून ठेवलंय की उघडेन तेव्हा तू पाळीवर असायला हवीस. आमच्या दोघींची पाळी पुन्हा जुळते ती येत्या मंगळवारी.